दुसऱ्या पायरीवर बोला

सर आमच्या जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसून जेवायचे. आत टेबल होतं, पाट होते, खानावळीतली पोरं उठून जागा द्यायची. पण सर ताट घेऊन अंगणात जायचे आणि खालून दुसऱ्या पायरीवर बसायचे. मला आधी वाटलं, विटाळ-चांडाळ काही डोक्यात असेल. तसं मी तोंडावर विचारलं. ते म्हणाले, "नाही बाई, ही क्रियापदाची जागा आहे. मला इथं बरं वाटतं."

मी चौथी पास. क्रियापद हा शब्द तेव्हा शाळेत ऐकला होता आणि चुलीपुढं बसल्यावर विसरले होते. माणूस थोडा हललेला आहे एवढं मात्र कळलं.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्यांच्या लेकीला आवडणार नाही, आणि नावानं त्यांना कोणी हाकही मारत नव्हतं.

लातूरला क्लाससाठी आलेल्या पोरांची खानावळ मी चालवते. माझा मुलगा मोटरसायकलवरून पडून गेला. त्यानंतर घरात मी आणि माझी सून वैशाली, दोघीच. ती एका खाजगी दवाखान्यात नर्स. वरची खोली त्या दोघांची होती. तो गेल्यावर वैशाली खाली माझ्याजवळ झोपायला आली आणि वरची खोली रिकामी राहिली. तिथं सर आले. मूळचे मुदखेडचे, नोकरी सगळी नांदेड जिल्ह्यातल्या खेड्यांत, इंग्रजी शिकवण्यात. लेक नांदेडला ये म्हणत होती. ते लातूरला आले. का, म्हटलं, तर म्हणाले, "इथं माणसं शिकायला येतात. नांदेडला मला बघायला येतील."

त्याच वर्षी वैशालीनं मला सांगितलं होतं की तिच्या दवाखान्यातल्या दोघी आयर्लंडला गेल्या आणि तिलाही जायचं आहे. त्यासाठी इंग्रजी बोलण्याची परीक्षा असते. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. ती विधवा, मूलबाळ नाही, माहेरी कोणी विचारणारं नाही. ती गेली तर परत यायला तिला कारण काय होतं? मी. सासू हे काही परत यायचं कारण नाही, हे मला कळत होतं. म्हणून मी मनातून तिच्या इंग्रजीच्या विरुद्ध होते. आणि सर तिला रोज इंग्रजी शिकवत होते, माझ्याच जिन्यावर, माझंच जेवून.

जिन्यावर म्हणजे खरोखर जिन्यावर. सहा वाजता आठ-दहा माणसं यायची. फळा नव्हता. सर प्रत्येकाला एक शब्द द्यायचे आणि आपापली पायरी ओळखून उभं राहायला सांगायचे. खालच्या पायरीवर 'आय', दुसरीवर 'ड्रिंक', तिसरीवर 'टी'. मग खालून वर ओळीनं बोलायचं. नवीन माणसं हमखास 'आय टी ड्रिंक' अशी उभी राहायची. सर त्या 'ड्रिंक'ला दंडाला धरून वरच्या पायरीवरून खाली आणायचे. "मराठीत तुम्ही शेवटी येता. इथं दुसऱ्या पायरीवर. दुसऱ्या पायरीवर बोला." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की पुढं भाकरी थापतानाही कानात वाजायचं.

जवळच्या मुरुडचा एक कापड दुकानदार यायचा. वजनदार माणूस, सगळ्या अर्थांनी. त्याला सरांनी 'यू' केलं आणि पहिल्या पायरीवर उभं केलं. 'आर' केलं वैशालीला. यू आर गुड. इथपर्यंत ठीक. मग सर म्हणाले, आता प्रश्न विचारायचा आहे, तर क्रियापदानं कर्त्याच्या आधी यायचं. वैशाली, तू खाली ये. शेठ, तुम्ही वर सरका.

शेठ हलेना. "सर, मी कर्ता हाय म्हणून तुम्हीच सांगितलं."

"हो. वाक्याचे कर्ते."

"मग कर्त्यानं बाईमाणसाच्या मागं उभं राहायचं? दुकानात लोक काय म्हणतील?"

"दुकानात मराठी बोला. इथं प्रश्न विचारायचा तर मागं व्हावं लागतं."

शेठनं लई वेळ विचार केला. मग म्हणाला, "मग मी प्रश्नच विचारत न्हाई. सरळच बोलतो." आणि तो माणूस शेवटपर्यंत एकही प्रश्न न विचारता इंग्रजी शिकला. सर सांगायचे, त्याचं इंग्रजी चांगलं आहे, फक्त समोरच्याला काही विचारता येत नाही. तसे बरेच लोक मराठीतही आहेत, असंही म्हणायचे.

मराठीवर त्यांचा राग होता तो एवढ्याच एका गोष्टीवरून, की खरा शब्द शेवटी येतो. मी म्हणायची, "सर, आजच्या भाजीत मीठ..." आणि मध्येच कोणी हाक मारली की मी तिकडं वळायची. सर घास हातात धरून बसून राहायचे. "बाई, जास्त की कमी? लटकवून ठेवलंत मला." त्यांचं म्हणणं, मराठी माणूस शेवटपर्यंत पत्ते दाखवत नाही. कचेरीत साहेब बोलायला लागतो, तुमचं काम या आठवड्यात सगळे कागद बघून नक्की, आणि आपण वाट बघतो, करतो म्हणतोय का नाही करत. इंग्रजाला तसं करता येत नाही. त्याला दुसऱ्याच पायरीवर सांगावं लागतं.

"मग इंग्रज खोटं बोलत न्हाईत व्हय?" मी विचारलं.

"बोलतात. पण लवकर बोलतात. आपला वेळ वाचतो."

चिमट्यांचं सांगते. इंग्रजीत म्हणे बारके बारके शब्द असतात, अप, डाऊन, ऑन, ऑफ, आऊट. ते क्रियापदाला चिकटले की अर्थ पार बदलतो. हे शिकवायला सरांनी माझे कपड्यांचे चिमटे घेतले. मला न विचारता. प्रत्येक चिमट्यावर एकेक बारका शब्द काळ्या शाईनं लिहिला. दोरीवर कागद टांगायचे, त्यावर 'पुट', 'गिव्ह', 'लूक', आणि चिमटा बदलायचा. पुट ऑन म्हणजे अंगात घालणं. चिमटा बदलला, पुट ऑफ, म्हणजे पुढं ढकलणं. आणखी बदलला, पुट आऊट, म्हणजे विझवणं. लोक मान वर करून दोरीकडं बघत बसायचे. आणि माझी लुगडी दांडीवर पडून वाळायची. एकदा वैशालीचा पांढरा ड्रेस 'अप' आणि 'ऑफ' लावून वाळत होता. सरांनी येऊन 'ऑफ' काढला, दुसरा चिमटा लावला आणि निघून गेले. काय केलं, विचारलं, तर म्हणाले, "पोरगी परीक्षेला चाललीय. ऑफ कशाला?"

वैशालीला 'लूक आफ्टर' येईना. सरांनी सांगितलं, याचा अर्थ सांभाळ करणं, वाक्य कर. ती म्हणाली, "आय लूक आफ्टर माय मदर-इन-लॉ." मी दारात तांदूळ निवडत होते. लूक म्हणजे बघणं एवढं मला माहीत झालं होतं. आफ्टर म्हणजे नंतर, हे एका पोराकडून कळलं होतं.

मी म्हटलं, "हां, बरोबर हाय. सासूचं नंतर बघू."

सगळे हसले. वैशाली हसली नाही. ती चिमटा हातात धरून उभी राहिली. सर पण हसले नाहीत. त्यांनी क्लास तिथंच संपवला आणि सगळ्यांना घरी पाठवलं.  त्या दिवशी जेवायला आत बसले, टेबलावर. मला ते बरोबर लागलं. लागावं म्हणूनच बसले होते.

एकदा मात्र मी त्यांना शिकवलं. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही, झालं तसं लिहिते. एका मुलीनं विचारलं, सर, ईट आणि ईट अप यात फरक काय? खाणं ते खाणंच की. सर अर्धा तास बोलले. क्रियेची पूर्तता, का काय ते. मुलीचं तोंड कोरंच. मी आतून भाकरी उलटत म्हटलं, "अगं, खा आणि खाऊन टाक."

 सर चपला न काढता स्वयंपाकघरात आले, मग आठवलं म्हणून परत जाऊन चपला काढून आले आणि फरशीवर बसले.

"अजून सांगा."

"काय सांगू? बोल, बोलून बस. बोलून बसले म्हणजे बोलायचं नव्हतं आणि तोंडातून गेलं. कर, करून दे, करून घे. दे म्हणजे दुसऱ्यासाठी. घे म्हणजे आपल्यासाठी."

"आणि टाक?"

"टाक म्हणजे ब्याद गेली. झाडून टाक, म्हणजे एकदाचं उरक. झाडून घे, म्हणजे आपल्याला तिथं बसायचं हाय."

सरांनी खिशातून कागद काढला.  लिहून झाल्यावर म्हणाले, "बाई, मी आयुष्यभर पोरांना अप आणि आऊट पाठ करायला लावलं. हे त्यांच्याच घरात होतं."

"मग त्यात रडायचं काय हाय? जेवून घ्या."

"बघा," ते म्हणाले, "घ्या."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये तेच सगळं स्वतःचं म्हणून सांगितलं. मी ऐकत होते. ताट वाढताना मी ठेचा वाढला नाही. सर ठेच्याशिवाय जेवत नसत. त्यांनी ताटाकडं बघितलं, मग माझ्याकडं. तिसऱ्या दिवशी सगळे जमल्यावर ते दुसऱ्या पायरीवर उभे राहिले आणि इंग्रजीत एक वाक्य म्हणाले. मग माझ्यासाठी मराठीत म्हणाले, "कालचं मला बाईंनी सांगितलं. मी चोरून घेतलं. चोरलं नाही, चोरून घेतलं." मी ठेचा वाढला.

त्यांच्यात आणि वैशालीत एक गोष्ट सारखी होती, दोघं नांदेडकडचे. आमच्या औशाकडं माणूस "यायलोय" म्हणतो. ते दोघं वऱ्हाडाच्या शिवेकडच्या वळणानं म्हणायचे "येऊन राहिलो". अर्थ एकच, येतोय. क्लासमध्ये नांदेडकडचं कोणी आलं की सर त्याला मुद्दाम विचारायचे, "मी येऊन राहिलो, कर इंग्रजी." तो हमखास म्हणायचा, आय कम अँड लिव्ह. सर खूश व्हायचे. "म्हणजे तू येणार आणि इथंच राहणार? बाई, याचं ताट कायमचं वाढवा." सगळ्यांनी मिळून हसायचं. हा विनोद त्यांनी किती वेळा केला असेल त्याला हिशोब नाही. वैशालीवर तर दर आठवड्याला.

आणखी एक. सर कधी एकाही इंग्रज माणसाशी बोलले नव्हते. ते मला त्यांनी स्वतःच सांगितलं, विचारलं नसताना. एकदा म्हणे नांदेड स्टेशनावर कोणी गोरी बाई दिसली होती, गुरुद्वाऱ्याला आलेली. सरांनी मनात वाक्य जुळवलं, पायऱ्या मोजल्या, सगळं बरोबर केलं आणि तोपर्यंत ती रिक्षात बसून गेली. "वाक्य अजून तयार आहे," म्हणाले. मला त्यांची कीव आली नाही. तयार वाक्य न बोलता राहिलेली माणसं मी पुष्कळ पाहिलीत.

वैशाली पहिल्या खेपेला नापास झाली. हैदराबादला परीक्षा होती. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला. समोरच्या बाईनं विचारलं, तू रोज काय काम करतेस. ही घाबरली आणि मराठीच्या वाटेनं निघाली. आय, रोज, सकाळी, पेशंटला, गोळ्या, असं सगळं सांगत गेली आणि 'देते' हे सापडायच्या आत वेळ संपला. हे सांगताना ती रडली. मी तिला पाणी दिलं.

मला बरं वाटलं होतं. खोटं कशाला लिहू. पाणी देताना आतून सुटल्यासारखं वाटलं. मी वळले तर सर जिन्याजवळ उभे. ते हळू म्हणाले, "बाई, तुमच्या चेहऱ्यावर क्रियापद आधीच आलं."

मी त्यांना म्हटलं, "तुमच्या लेकीला सोडून तुम्ही इथं राहता. मला शिकवू नका."

"म्हणून तर मला ओळखू आलं," ते म्हणाले आणि वर गेले.

त्यानंतर दोन महिने वैशालीनं विषय काढला नाही. ड्युटीवर जायची, यायची, मला पोळ्या लाटू लागायची. क्लासला बसायची, पण बोलायची नाही. सर तिला सगळ्यात वरच्या पायरीवर उभं करायचे आणि शब्दच द्यायचे नाहीत. मी बघत होते. माझ्याजवळ ती राहणार होती, हे दिसत होतं. कशी राहणार, तेही दिसत होतं.

एका रविवारी दुपारी पोरांची जेवणं झाली होती. सर दुसऱ्या पायरीवर ताट घेऊन बसले होते. वैशाली भांडी घेऊन बाहेर आली आणि तिथंच उभी राहून म्हणाली, "आत्याबाई, फॉर्म भरायची शेवटची तारीख जवळ आली. मी परत बसू का?"

माझं वाक्य तयार होतं. दोन महिने तयार होतं. या वयात मला एकटीला टाकून मी तुला जाऊ देणार नाही. एवढंच वाक्य. तिनं ऐकलं असतं. तिचा स्वभाव तसा होता, ती कधी उलट शब्द बोलली नव्हती. मला ते माहीत होतं, म्हणून तर ते वाक्य मी जपून ठेवलं होतं.

मी बोलायला लागले. "या वयात मला एकटीला टाकून मी तुला जाऊ..."

इथपर्यंत आले. वैशालीनं मान खाली घातली होती. भांड्यातलं खरकटं पाणी तिच्या पायावर सांडत होतं आणि तिला कळत नव्हतं. सरांचा घास हातात तसाच होता. त्यांनी वर बघितलं नाही. मला दिसत होतं की ते शेवटच्या शब्दाची वाट बघतायत. भाजीतल्या मिठाची बघायचे, तशीच.

मी त्या घराची कर्ती होते. मुरुडच्या शेठसारखं मलाही मागं न होता सरळच सांगून टाकता आलं असतं.

"...देते," मी म्हटलं. "भर फॉर्म. आणि ते पाणी बघ पायावर."

वैशाली भांडी तशीच ठेवून आत गेली. सरांनी घास तोंडात घातला, सावकाश चावला. मग म्हणाले, "बाई, इंग्रजीत बोलत असता तर दुसऱ्याच पायरीवर 'नाही' म्हणून मोकळ्या झाला असता. आज मराठी कामाला आली." मराठीबद्दल त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं एवढंच चांगलं वाक्य.

वैशाली पास झाली. गेली. निघताना पाया पडली, मी डोक्यावर हात ठेवला, टॅक्सी गेली. त्या संध्याकाळी पोरांना नेहमीसारखं जेवण दिलं.

वर्षभरानं सरांना चक्कर आली आणि लेक त्यांना नांदेडला घेऊन गेली. मी एकदा एस.टी.नं भेटायला गेले. पलंगावर पडून होते, पार वाळले होते. लेक स्वभावानं चांगली होती, पण सारखी त्यांच्या वतीनं बोलायची. ती चहा करायला आत गेल्यावर सर म्हणाले, "बाई, दवाखान्याच्या कागदावर लिहिलंय, पेशंट पास्ड आऊट. म्हणजे शुद्ध हरपली. लेक घाबरली. मी म्हटलं, घाबरतेस काय, बाप पासआऊट झाला, पेढे वाट."

"आणि मेल्यावर काय म्हणतात?"

"पास अवे. चिमटा बदलतो फक्त." मग थोड्या वेळानं म्हणाले, "तुमच्याकडं काय, 'मरून जा'. तुमचा 'जा' जास्त बरा. कुठंतरी जातोय असं वाटतं."

मी त्यांना ठेचा नेला होता. डॉक्टरनं तिखट बंद केलं होतं. लेक येईपर्यंत त्यांनी बोटानं दोनदा चाटला. त्यानंतर दीड महिन्यानं ते गेले. मला फोन आला तेव्हा पोरांची पंगत बसली होती. वाढून झाल्यावर मी बाहेर जाऊन दुसऱ्या पायरीवर बसले. उन्हानं पायरी तापली होती, म्हणून उठले.

चिमटे अजून आहेत. शाई चांगली होती, गेली नाही. माझ्या लुगड्यांना अप आणि डाऊन लागलेलं असतं. वरची खोली मी परत कोणाला दिली नाही. जिन्याची दगदग झेपत नाही, असं लोकांना सांगते.

गेल्या महिन्यात वैशालीचा फोन आला. तिकडं जाऊन तिला आता तीन वर्षं होतील. दर रविवारी फोन करते, औषधं घेतली का विचारते. त्या दिवशी म्हणाली, "आत्याबाई, मी येऊन राहिले."

माझ्या हातात पोळपाट होता. मी तो खाली ठेवला. नांदेडकडची पोरगी, तिच्या भाषेत त्याचा अर्थ येतेय एवढाच. मला ते माहीत होतं. पण सरांनी त्या वाक्याची इतकी वेळा उलटापालट केली होती, की माझ्या कानात आता त्याचे दोन अर्थ होते.

"येऊन राहिलीस, का येऊन राहणार हायस?" मी विचारलं.

ती मग म्हणाली, "तसं नाही आत्याबाई, इकडं माझं सगळं आता, सुट्टी पण किती, तुम्ही एकट्या, म्हणजे मला वाटतं की..."

"वैशाली," मी म्हटलं, "दुसऱ्या पायरीवर सांग."

 मग ती म्हणाली, "आय विल गो बॅक, आत्याबाई."

बॅकचा चिमटा माझ्या दोरीवर आहे. अर्थ सांगावा लागला नाही. सर बरोबर होते, त्यात फार वाट बघावी लागत नाही.

"बरं," मी म्हटलं. "किती दिवस हायस?"

"तीन आठवडे."

"ये मग."

दुसऱ्या दिवशी पोरांची जेवणं झाल्यावर मी केरसुणी घेतली आणि एकेक पायरी चढत वर गेले. कुलूप उघडायला जड गेलं. खोली झाडून घेतली. झाडून टाकली नाही.